घड्याळजीची रायफल

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. शाळेत मराठी म्हणजे आठवड्याचे चार तास आणि वर्षाचा एक पेपर. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर पदरात घ्या. विषयही जरा वेगळा आहे. आपल्या मराठी विभागात पाऊस, आई आणि पहिलं प्रेम यांवर दरवर्षी भरपूर येतं. मी लिहिणार आहे एका रायफलीवर आणि ती जन्माला घालणाऱ्या एका घड्याळजीवर.

त्याचं असं झालं. ह्या वर्षी गॅदरिंगच्या फन-फेअरमध्ये आमच्या वर्गाने नेमबाजीचा स्टॉल लावायचं ठरवलं. फुगे आणि छऱ्याची बंदूक तर प्रत्येक जत्रेत असते. पण वर्गातल्या एकाच्या चुलतभावाने परदेशातून एअरसॉफ्ट स्नायपर रायफल आणली होती, बोल्ट-अॅक्शनची. दिसायला अगदी सिनेमातली. वर दुर्बीण, खाली दोन पायांचा स्टँड. पोरं नुसती बघूनच खूश. मुलींच्या हॉस्टेलच्या रेक्टर मॅडम फन-फेअरच्या कमिटीवर आहेत, त्यांनी अट घातली की कोणीतरी ही वस्तू नीट तपासून लेखी रिपोर्ट द्यायचा, मगच परवानगी. एनसीसीच्या कॅम्पमध्ये मी .२२ ची रायफल चालवलेली. त्यामुळे सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एअरसॉफ्टमध्ये दारू नसते, काडतूस नसते. ६ मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी असते, वजन साधारण ०.२० ग्रॅम. बोल्ट मागे ओढला की आतला पिस्टन मागे जातो आणि स्प्रिंग दाबली जाते. ट्रिगर दाबला की पिस्टन पुढे सुटतो आणि हवा गोळीला ढकलते. म्हणजे मोठी पिचकारीच. नळीच्या तोंडाशी नाही, तर गोळी जिथे बसते तिथे वरून एक रबराचा उंचवटा असतो. त्याने गोळीला उलटी गिरकी मिळते आणि ती हवेत थोडी जास्त वेळ तरंगते. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये मॅग्नस इफेक्ट घोकला होता, तो इथे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला.

पहिल्याच रविवारी आजोबा हॉस्टेलवर आले. ते चिपळूणला असतात, पेन्शनच्या कामाला रत्नागिरीत आले होते. आजोबा पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. व्हिजिटर्सच्या बाकावर मी कौतुकाने ती रायफल त्यांच्या हातात दिली. त्यांनी दुर्बिणीकडे पाहिलंसुद्धा नाही. नळी जमिनीकडे केली, मॅगझिन काढून बाकावर ठेवलं, तळहाताने बोल्ट वर करून मागे ओढला आणि आत डोकावून बघितलं. रिकामी आहे याची खात्री झाल्यावर मगच खांद्याला लावली. हे सगळं दोन-तीन सेकंदांत. हात आपोआप चालले. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी.

मग म्हणाले, बोल्टची चाल आमच्या थ्री नॉट थ्रीसारखी नाही, जड आहे. मी विचारलं, थ्री नॉट थ्री बनवली कोणी? ते म्हणाले, सरकारने. उभी नोकरी ज्या वस्तूबरोबर काढली, तिच्या कर्त्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. सबमिशन बाजूला ठेवून मी शोधायला बसले.

थ्री नॉट थ्री हे माप आहे. नळीचा व्यास .३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर. रायफलचं खरं नाव ली-एनफिल्ड. एनफिल्ड हे लंडनजवळचं कारखान्याचं गाव. आणि ली म्हणजे जेम्स पॅरिस ली.

हा ली जन्मला ९ ऑगस्ट १८३१ ला, स्कॉटलंडमधल्या हॉविक गावात. तो पाच वर्षांचा असताना घरचे सगळे कॅनडात गॉल्ट नावाच्या गावी गेले. वडील घड्याळं आणि दागिन्यांचं काम करायचे. पोरगा बारा वर्षांचा असताना त्याने पहिली बंदूक बनवली. वडिलांच्या जुन्या पिस्तुलाची नळी आणि अक्रोडाच्या लाकडाचा ठोकळा, एवढंच सामान. ती धड चालली नाही. आपल्या वर्कशॉपमधला पहिला जॉब कोणाचा धड होतो? पुढे तो वडिलांच्याच धंद्यात शिकला आणि घड्याळजी म्हणून स्वतःचं दुकान थाटलं.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. घड्याळात जागा कमी, भाग बारीक, आणि प्रत्येक भागाने लाखो वेळा तीच हालचाल न अडता करायची. लीची बंदूक नंतर ज्या गुणांमुळे गाजली ते नेमके हेच.

१८५८ च्या सुमारास ली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात गेला. तेव्हा बहुतेक बंदुका तोंडाकडून भरायच्या होत्या. दारू ओता, गोळी ठासा, मग उडवा. लीने मागच्या बाजूने भरायची बंदूक तयार केली. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू होतं. मिलवॉकी शहरात त्याने कंपनी काढली आणि सैन्याकडून १००० कार्बाइनचं कंत्राट मिळवलं. माल तयार झाला आणि सैन्याने तो नाकारला. कारण काय, तर नळीचं माप. सैन्याला हवं ते माप आणि कंपनीने केलेलं माप यांत फरक निघाला. चूक कोणाची यावर वाद झाला, पण कंत्राट गेलं ते गेलंच. तोवर युद्धही संपलं होतं.

ड्रॉइंगवर एक डायमेन्शन टाकायचं राहिलं म्हणून सरांनी शीट परत केली की आपण दिवसभर तोंड पाडून बसतो. ह्या माणसाची कंपनीच त्यात बुडाली.

तो बसून राहिला नाही. नंतर रेमिंग्टन ह्या मोठ्या कंपनीबरोबर काम करू लागला आणि १८७९ मध्ये त्याला एका साध्या डबीचं पेटंट मिळालं. बोल्टच्या बरोबर खाली बसणारी पत्र्याची डबी, आत स्प्रिंग, स्प्रिंगवर एकावर एक काडतुसं. बोल्ट मागे घेतला की वरचं काडतूस उचललं जातं, पुढे ढकलला की नळीत जातं. त्याआधीच्या बऱ्याच रायफलींत काडतुसं नळीखालच्या लांब पाइपात एकामागे एक ओळीने असायची. पाइप रिकामा होत जाईल तसा बंदुकीचा तोल बदलायचा. लीच्या डबीने वजन मध्यभागी आणलं. आज जगातल्या बहुतेक रायफलींना खाली जे मॅगझिन लटकलेलं दिसतं, त्याचं मूळ ह्या डबीत आहे. आमच्या खेळण्यातल्या रायफललाही तेच. ते मॅगझिन काढून बाकावर ठेवताना आजोबांनी लीचीच कल्पना हातात धरली होती.

इंग्लंडमध्ये १८८० च्या दशकात नव्या रायफलीसाठी कमिट्या बसल्या. अनेक नमुने आले, वर्षानुवर्षं चाचण्या चालल्या. शेवटी बोल्ट आणि मॅगझिन लीचं आणि नळी मेटफर्डची अशी जोडी जमली. १८८८ मध्ये ली-मेटफर्ड सैन्यात दाखल झाली. हा विल्यम मेटफर्ड आपल्यासारखाच इंजिनिअर, आणि त्याचा आपल्या देशाशी संबंध आहे. १८५७ मध्ये तो ईस्ट इंडियन रेल्वेच्या नोकरीवर बिहारात मुंगेरला आला होता, ऐन बंडाच्या धामधुमीत. तब्येत बिघडली म्हणून परत गेला.

मेटफर्डच्या नळीतले आटे उथळ आणि गोलसर होते. काळ्या दारूची काजळी साचू नये म्हणून तसे ठेवलेले. मग कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली. काजळी गेली, पण उष्णता इतकी वाढली की उथळ आटे भराभर झिजायला लागले. मेटफर्डचं डिझाइन वाईट नव्हतं. ज्या दारूसाठी केलं होतं ती दारू बदलली. म्हणून एनफिल्डच्या कारखान्याने जास्त खोल आटे काढले आणि १८९५ मध्ये ली-एनफिल्ड हे नाव आलं. मेटफर्ड नावातून गेला. ली राहिला.

आता त्या बोल्टविषयी. बोल्ट म्हणजे आपला नट-बोल्टमधला नाही. दाराची कडी आडवी सरकवून खाली पाडतो, तसा हा अडसर. काडतूस फुटतं तेव्हा मागे येणारा सगळा धक्का तो अडवतो. जर्मनीच्या माउझरने हा अडसर पुढे, काडतुसाच्या लगतच पकडला. त्यामुळे पकड भक्कम. लीने तो मागच्या टोकाला पकडला. कागदावर बघाल तर माउझर सरळ सरळ वरचढ. लीच्या रचनेत धक्क्याने बोल्ट किंचित दबतो. व्हायवाला कोणी विचारलं असतं तर मीही माउझरच सांगितलं असतं.

पण लीचा बोल्ट उचलायला ६० अंशच फिरवावा लागतो, माउझरचा ९०. मागे ओढण्याचं अंतरही कमी. फायरिंग पिनची स्प्रिंग बोल्ट पुढे ढकलताना दाबली जाते, त्यामुळे उघडताना जोर लागत नाही. मॅगझिनमध्ये काडतुसं १०, माउझरमध्ये सहसा ५. चिखलात, थंडीत, घाबरलेल्या साध्या शिपायाच्या हातात काय भराभर चालेल, ह्या प्रश्नाचं उत्तर लीकडे होतं. ब्रिटिश सैन्यात शिपायाने मिनिटाला १५ नेमक्या गोळ्या झाडाव्यात अशी अपेक्षा असायची, आणि बरेच जण त्याहून जास्त झाडायचे.

तरीही सगळं गोड नव्हतं. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात ह्या रायफलीचे दोष उघडे पडले. बोअर लोक माउझरमध्ये क्लिपने पाच काडतुसं एका दाबात भरायचे आणि ब्रिटिश शिपाई एकेक करून भरत बसायचा. मग रायफल आखूड केली, क्लिपने भरायची सोय केली आणि १९०४ पासून ती सैन्यात वाटायला सुरुवात झाली. तीच पुढे जगभर गेली. लीने ती नांदताना पाहिली नाही. २४ फेब्रुवारी १९०४ ला अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या शॉर्ट बीच इथे तो वारला. तेव्हा तो ७२ वर्षांचा होता.

ली स्वतः कधी हिंदुस्थानात आला नाही, पण त्याचं नाव आपल्या गल्लीपर्यंत आलं. बंगालमध्ये इशापूरच्या कारखान्यात ह्या रायफली बनल्या, पुण्याच्या खडकीच्या कारखान्यात तिची काडतुसं बनली. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. ११० वी मराठा कूटच्या वेढ्यात अडकली आणि एप्रिल १९१६ मध्ये बाकीच्या फौजेबरोबर कैदेत गेली. त्या पलटणींत आपल्या कोकणातले मराठा गडी भरपूर होते. नांगर आणि होडी सोडून गेलेल्या त्या पोरांच्या हातात ली-एनफिल्ड होती. १९६२ च्या चीन युद्धातही आपले बरेच जवान हीच रायफल घेऊन लढले. समोरच्यांकडे तोवर ऑटोमॅटिक हत्यारं आलेली होती.

सैन्यातून ती हळूहळू गेली, पोलिसांत राहिली. आजोबांनी गणपतीचा बंदोबस्त केला, निवडणुकीच्या पेट्यांवर पहारा दिला, २६ जानेवारीच्या परेडला सलामी दिली, सगळं हिच्याबरोबर. तिच्याविषयी त्यांची एकही तक्रार नाही. फक्त एका रात्रीबद्दल ते कमी बोलतात. २६ नोव्हेंबर २००८. मी तेव्हा अगदी लहान होते. ते निवृत्त झालेले होते आणि टीव्हीसमोर बसून होते. सीएसटीवर एके-४७ घेतलेले अतिरेकी, आणि समोर आपले पोलीस, कोणाकडे काठी, कोणाकडे थ्री नॉट थ्री. त्या रात्री आजोबा जेवले नाहीत, असं आजी सांगते. रायफल १९०४ मध्ये उत्तम होती. २००८ मध्येही ती तशीच चालत होती. फक्त प्रश्न बदलला होता आणि तिची पुन्हा परीक्षा कोणी घेतली नव्हती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर ती २०२० च्या प्रजासत्ताक दिनापर्यंत वापरली, मग निरोप दिला.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आमच्या खेळण्याकडे परत आले. आधी मी फक्त नेम किती बसतो एवढंच बघणार होते. सध्या नेटवर स्नायपर म्हटलं की लोक तेवढंच बघतात. खरं तर स्नायपर हा शब्दच इथला. अठराव्या शतकात हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी स्नाइप म्हणजे पाणलाव्याची शिकार करायचे. तो पक्षी वेडावाकडा उडतो, त्याला टिपणारा तो स्नायपर. आणि दुसऱ्या महायुद्धातली लीची स्नायपर रायफल काही वेगळी घडवली जात नसे. साध्या रायफली झाडून बघायच्या, त्यातल्या जास्त अचूक निघतील त्या बाजूला काढायच्या आणि लंडनला पाठवून त्यांना दुर्बीण बसवायची. म्हणजे दुर्बीण लावल्याने स्नायपर होत नाही. आधी परीक्षा, मग दुर्बीण.

आम्ही वर्कशॉपच्या मागे १० मीटर मोजले. ०.२० ग्रॅमच्या दहा गोळ्या चहाच्या बशीएवढ्या जागेत पडल्या. ०.२५ ग्रॅमच्या वाटीच्या तोंडाएवढ्या जागेत. २० मीटरवर, दुपारी भाट्याकडून वारा सुटल्यावर, त्याच गोळ्या पोळपाटभर पसरल्या. सकाळी वारा नसताना पुन्हा केलं, तेव्हा बशी परत आली. वेग मोजायला यंत्र नव्हतं, म्हणून आवाज रेकॉर्ड केला. गोळी सुटल्याचा आवाज आणि १० मीटरवरच्या पत्र्यावर आपटल्याचा आवाज यांत साधारण ०.१४ सेकंद. त्यातून आवाज परत यायचे ०.०३ वजा केले. उरले ०.११, म्हणजे सेकंदाला ९० मीटर. ऊर्जा निघाली ०.८ ज्यूल. थ्री नॉट थ्रीची गोळी ११.३ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला ७४४ मीटर, म्हणजे ३१०० ज्यूलच्या वर. जवळजवळ चार हजार पट. आम्ही सगळे हसलो. एवढीशी तर गोळी.

तेवढ्यात ते झालं. निशाण्याचा पुठ्ठा वाऱ्याने पडला होता आणि मागे जांभ्याची भिंत होती. कोणीतरी बघायच्या आधीच ट्रिगर दाबला. गोळी जांभ्यावर आपटून उलटी आली आणि माझ्या चष्म्याच्या उजव्या काचेवर लागली. काचेला टवका गेला. मी बाजूला उभी होते, नेमबाजसुद्धा नव्हते. चष्मा नसता तर डोळ्याचं काय झालं असतं, ते मी घरी अजून सांगितलेलं नाही. आजोबांना तर नाहीच. अंक घरी जाईल तेव्हा कळेलच.

त्या संध्याकाळी माझा रिपोर्ट बदलला. अचूकता, वेग, बोल्टची चाल हे खाली गेलं. वर प्रश्न आला तो हा, की ही वस्तू कोणाच्या हातात जाणार? फन-फेअरमध्ये आईस्क्रीम खात आलेला, आयुष्यात कधी बंदूक न धरलेला, मागे मित्र ओरडत असलेला मुलगा. आणि आजूबाजूला लोकांची लहान पोरं. लीच्या बोल्टची परीक्षा चिखलात घ्यायची, तशी ह्या खेळण्याची परीक्षा ह्या गर्दीत घ्यायची.

मी चार अटी लिहिल्या. एक, दोरीच्या आत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला बाजूने बंद असलेला गॉगल, नुसता बघायला आला असला तरी. दोन, मागे भिंत नाही. दुहेरी जाड चादर सैल टांगायची, म्हणजे गोळी तिथेच गळून पडते. आम्ही ते करून बघितलं. तीन, रायफलचा दस्ता टेबलाला साखळीने असा बांधायचा की नळी दोरीच्या बाहेर वळणारच नाही. चार, रायफल हातात देताना आणि परत घेताना मॅगझिन काढून, बोल्ट मागे ओढून, आत डोकावून बघायचं. हे काम स्टॉलवरचा एकच माणूस करणार.

रेक्टर मॅडमनी रिपोर्ट दोनदा वाचला, गॉगलची संख्या विचारली आणि सही केली. स्टॉल लागला. चौथी अट कोणाची म्हणून काही जणांनी विचारलं. मी सांगितलं, एका निवृत्त हवालदाराची.

रिपोर्टच्या शेवटी मी एक वाक्य जादा घातलं आहे आणि पुढच्या वर्षीच्या कमिटीने ते वाचावं म्हणून इथेही सांगते. ही परवानगी ह्या रायफलीला, ह्या जागेला आणि ह्याच वर्षापुरती आहे. पुढच्या वर्षी गर्दी वेगळी असेल, स्प्रिंग दुसरी असेल, जागा बदललेली असेल. तेव्हा पुन्हा तपासा.